हेमूचा राजीनामा

६ जानेवारी

गरिमाला कॉलेजात ही डायरी बक्षीस मिळाली. तिला मोबाईल असताना डायरी कशाला, म्हणून माझ्याकडे आली. म्हणाली, आजी, दिवसभर बोलतेसच, त्यातलं थोडं लिही. गोरखीच्या शाळेत मी चौथीपर्यंत गेले, त्यातही अर्धं वर्ष कांजिण्यांत गेलं. तरी अक्षर तिच्यापेक्षा बरं आहे. गरिमा म्हणजे थोरल्या दिग्विजयची मुलगी. तो भोपाळला नोकरीवर, ही कॉलेजसाठी इथे ग्वाल्हेरला माझ्याजवळ, जयेंद्रगंजात.

लिहिण्यासारखं एकच आहे. धाकटा हेमू, म्हणजे हेमेंद्र, मुंबईत टीव्हीवर काम करतो. रोजच्या एका मराठी मालिकेत सासरा आहे. दिवाळीपासून त्या सासऱ्याला मोटारीखाली घालून कोमात टाकलाय. रोज संध्याकाळी माझा मुलगा डोक्यातोंडाला पट्ट्या आणि नाकात नळी घालून पलंगावर पडलेला. सुना भोवती बसून रडतात, पण गालावरची पावडर हलत नाही. मी समोर बसून मटार सोलते. धडधाकट पोराला असं बघायला कोणत्या आईला आवडेल? पण बंद केलं तर तेवढाही दिसत नाही.

शेजारच्या लीलाताई येतात बघायला. म्हणतात, शांताताई, हेमू किती सुंदर पडतो हो. त्यांना वाटतं हे कौतुक झालं.

९ जानेवारी

सुनेचा, शरयूचा, फोन आला. ती पुण्याची, शुद्ध बोलते, म्हणून मी जरा जपून ऐकते. हेमूचं मालिकेच्या मालकाशी भांडण झालंय. हेमूनं एक नाटक लिहिलंय, त्याच्या तालमींसाठी सुट्टी हवी होती. मालक म्हणाला, पेशंटला सुट्टी कशाला, पडल्या पडल्या पाठ कर. हेमू म्हणाला, मग माझ्या जागी उशी ठेवा, पट्ट्या बांधल्यावर कोणाला कळतंय. सगळ्यांसमोर म्हणाला. आता तीन दिवस कोणी कोणाशी बोलत नाही.

शरयू म्हणाली, आई, तुम्ही बोला त्याच्याशी. मी म्हटलं, मी बोलले तर उरलेलंही मोडेल.

पण ह्या मुलाला मी ओळखते. चोवीस वर्षांचा असताना बँकेची नोकरी अशीच सोडली होती. सकाळी डबा घेऊन गेला आणि दुपारी डबा घेऊन परत आला, भरलेला. म्हणाला, मुंबईला जातो, नाटकात काम करतो. हे फौजेत सुभेदार होते. ह्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या तलवार नाहीतर बंदूक, तोंडाला रंग कोणी लावला नव्हता. ह्यांनी दोन वर्षं त्याचं नाव घेतलं नाही. मीही घेतलं नाही, आणि बरोबरच होतं माझं. बसमधून गावोगाव हिंडायचा, कुठल्या तरी शाळेत सतरंजीवर निजायचा. खोकला तर असा करून आला होता की मला वाटलं, हा काही जगत नाही.

मग टीव्ही मिळाला तेव्हा कुठे अंगावर मांस आलं. आता पन्नाशी उलटल्यावर पुन्हा बस आणि सतरंजी नको. एवढंच माझं मागणं आहे.

११ जानेवारी

लीलाताईंनी विचारलं, हेमूनं आजवर काय काय कामं केली? म्हटलं, मला काय ठाऊक, मी काही लक्ष देत नाही.

अठरा वर्षांचा असताना गणपतीत घोड्याचे मागचे पाय झाला होता. पुढचे पाय करणारा चुकला, हा नाही चुकला. मुंबईत आधी भालदार, मग नवाब, मग आंधळा गवई. एकदा विधवा झाला होता, पुरुष असून, आणि नऊवारी माझ्यापेक्षा नीट नेसला होता. टीव्हीवर दुष्ट इन्स्पेक्टर झाला तेव्हा झाँसी स्टेशनावर एका बाईनं त्याच्या अंगावर केळ्याचं साल फेकलं. दारुडा डॉक्टर झाला तेव्हा मलाच शंका आली, म्हणून फोन करून विचारलं. पित नाही म्हणाला. तोतरा वकील केला त्यात बक्षीस मिळालं. आणि एवढं सगळं येणाऱ्या माणसाला पलंगावर आडवा घातलाय.

१३ जानेवारी

सुटले बाई. सकाळीच शरयूचा फोन. आवाज बारीक होता, रात्रभर जागली असेल. म्हणाली, आई, ह्यानं राजीनामा दिला.

मी देवाला हात जोडले. मिटलं एकदाचं. इथेच हजिऱ्याला राहणाऱ्या माझ्या नणंदेचं शेजाऱ्याशी भिंतीवरून भांडण होतं, किती वर्षं तारखा चालल्या. शेवटी पोलीस ठाण्यात बसून राजीनामा केला, दोघांनी सह्या केल्या, तिथेच चहा घेतला. भांडणाचं असंच असतं, कोणीतरी आधी राजीनामा द्यायचा. हेमूनं पुढाकार घेतला म्हणजे अक्कल आली.

लगेच त्याला फोन लावला. घाबरत घाबरत हॅलो म्हणाला. मी म्हटलं, शरयूनं सांगितलं. बरं केलंस. हे आधीच करायला हवं होतं.

मला वाटलं लाईन गेली. मी विचारलं, कुठे केलास, कोणाच्या ऑफिसात? वकील होता का? म्हणाला, नाही, घरीच बसून लिहिला. मी म्हटलं, छान, वकिलाचा खर्च वाचला. मग म्हणाला, आई, तू खरंच म्हणतेस ना, बरं केलं? म्हटलं, मी कधी खोटं बोलते का. नाक ओढल्याचा आवाज आला. मुंबईत थंडी नसते म्हणतात, पण ह्याला सर्दी झालेली दिसते. हळदीचं दूध घे म्हटलं आणि ठेवला.

संध्याकाळी मोहल्ल्यात चार घरी तिळगूळ आणि गजक देऊन आले. संक्रांत उद्या आहे, पण मला दम नव्हता.

२० जानेवारी

हेमू येतोय. ते नाटक तो पहिल्यांदा ग्वाल्हेरलाच करणार. मी विचारलं, मुंबई सोडून इथे का? म्हणाला, तू बरं केलंस म्हणालीस, तेव्हाच ठरवलं. मला ह्यातलं काही समजलं नाही. पण राजीनाम्यात मालकानं सुट्टी द्यायची कबूल केली असणार. मी म्हटलंच होतं, गोडीनं घेतलं की मिळतं.

२४ जानेवारी

आला. वाळलाय, पण तोंड उजळ आहे. दोन बॅगा आणि एक भोंगा, तो लाउडस्पीकरचा, पत्र्याचा. त्याच्या मित्राकडून आणलाय. नाटक एका मेळ्यातल्या चौकीचं आहे, जिथून हरवलेल्या माणसांची नावं पुकारतात. चौकीवाला हाच आणि हरवून येणारी सगळी माणसंही हाच. मी म्हटलं, दुसरी माणसं परवडली नाहीत का? हसला.

रात्री जेवताना समोर टीव्ही लागला होता. पलंगावर पट्ट्या बांधलेला सासरा, आणि इकडे ताटात बाजरीची भाकरी मोडणारा हेमू. मला फार बरं वाटलं. म्हटलं, बघ, तिकडे नळी आहे तरी इकडे किती खातोयस. तो टीव्हीकडे बघून म्हणाला, पाय बघ, ते माझे नाहीत. मी म्हटलं, आधीचं शूटिंग असेल. त्यानं अजून एक भाकरी मागितली.

२९ जानेवारी

सकाळी छतावर तालीम चालते. काल आठ वाजता तो बाईच्या आवाजात कोणाला तरी झापत होता, मग पोलिसाच्या आवाजात, मग रडणाऱ्या पोराच्या. लीलाताईंनी खिडकीतून विचारलं, घरात सब ठीक है ना? म्हटलं, ठीक आहे, एकटाच आहे तो. त्या अजूनच घाबरल्या.

गरिमा कॉलेज बुडवून त्याच्यासमोर बसते, वाक्यं धरायला. तिचं मराठी असं की काका अडला तर ती हिंदीत सांगते आणि तो अजून अडतो. पण फार अडत नाही. दुपारी शांत झोपतो, लहानपणी झोपायचा तसा, तोंड उघडं टाकून.

शरयूही येणार आहे नाटकाच्या दिवशी.

५ फेब्रुवारी

आज मालिकेत पट्टी सोडणार होते. लीलाताई विणकाम घेऊन आल्या. डॉक्टर पट्टी सोडतो, सोडतो, मध्ये साबणाची जाहिरात, पुन्हा सोडतो. हेमू बाहेर नाट्यमंदिरात दिव्यांचं बघायला गेला होता. शेवटी पट्टी सुटली आणि आत दुसराच माणूस. चपट्या नाकाचा. सगळ्या सुना त्याला बाबा, बाबा म्हणून बिलगल्या. म्हणे अपघातात चेहरा बदलला.

लीलाताई म्हणाल्या, अरे, ये तो कोई और है.

मला इतका राग आला की मटार सांडले. सह्या करून, राजीनामा करून, असा दगा? गरिमाकडून शरयूला फोन लावून घेतला. म्हटलं, राजीनामा झालेला असताना मालकानं दुसरा माणूस घेतलाच कसा?

शरयू म्हणाली, अहो आई, राजीनामा दिला म्हणूनच तर दुसरा घेतला.

मी म्हटलं, मला उलटं बोलू नकोस. मग गरिमानं माझ्या हातातून फोन घेतला, दोघी बोलल्या, आणि गरिमा माझ्याकडे बघायला लागली. म्हणाली, आजी, महाराष्ट्रात राजीनामा मतलब इस्तीफा. बातम्यांत रोज येतं. काकानं काम सोडलंय. समझौता नाही झाला.

लीलाताई विणकाम गोळा करून निघाल्या. जाताना म्हणाल्या, आम्हालाही समझौताच वाटला होता हो. त्यांचं सासर मराठी असून काय उपयोग.

६ फेब्रुवारी

रात्र डोळ्यावर काढली. सकाळी शरयूशी नीट बोलले, खाली अंगणात जाऊन, हेमूला ऐकू जाणार नाही असं. मालकानं दोनदा निरोप पाठवला होता, म्हणाली. एकदा तर सुट्टी देतो, परत ये, असाही. हेमूनं दोन्ही वेळा नाही म्हटलं. म्हणाला, आईनं बरं केलंस म्हटलंय, आता मागे जायचं नाही. शरयू म्हणाली, तुम्ही पाठीशी राहिलात म्हणून तो इतका शांत आहे, मला तर वाटलं होतं तुम्ही घर डोक्यावर घ्याल.

घेतलंच असतं. मला शब्द कळला असता तर घेतलंच असतं.

म्हणजे मी एक शब्द चुकले आणि त्यावर हा पोरगा पुन्हा बसमध्ये चढतोय. सतरंजी, खोकला, सगळं पुन्हा. आता सांगायला हवं की बाबा, मी तसं म्हटलंच नव्हतं. अजून मालक परत घेईल.

७ फेब्रुवारी

सांगायला छतावर गेले. तो भोंगा तोंडाला लावून एका हरवलेल्या म्हाताऱ्याचं नाव पुकारत होता, ज्याला कोणी न्यायला येत नाही. मला बघून थांबला. काय गं, म्हणाला. मी म्हटलं, काही नाही, लोणचं वाळत घातलंय त्यावर तुझा पाय पडेल. लोणचं नव्हतंच तिथे.

गरिमाला म्हटलं, तूच सांग. ती म्हणाली, आजी, शो परवा आहे, पागल झालीस का? नंतर बोल. तोंडात गोष्ट धरून बसायची मला सवय नाही. आज जेवले नाही नीट.

९ फेब्रुवारी

नाटक झालं. फार उशीर झालाय, तरी लिहिते.

नाट्यमंदिर भरलं होतं. पहिल्या ओळीत मी, शरयू, गरिमा, लीलाताई. पडदा वर गेला, एक स्टूल, एक भोंगा आणि हेमू. मनात म्हटलं, एवढ्यावर हा दोन तास काढणार? हा काही वाचत नाही आता.

पण आला चौकीवाला, सुपारी चघळत. मग नुसती मान वाकडी केली तर नवी नवरी, नवऱ्याचं नाव घ्यायला लाजणारी, आणि नाव घेतल्याशिवाय पुकारता येत नाही. गुडघे वाकवले तर पोर. मग तो म्हातारा, त्याला सापडायचंच नसतं. छातीत कळ आल्यासारखं झालं मला, पण सकाळचे दहीवडे असतील. मागे कोणीतरी हुंदके देत होतं. माझ्यासमोर पलंगावर पडलेला दिसायचा तेव्हा फक्त त्या सुना रडायच्या. इथे तो हातभर अंतरावर उभा होता, घाम दिसत होता, आणि सगळं थेटर रडत होतं. मग लगेच हसत होतं.

एक जागा मात्र मला आवडली नाही. एक म्हातारी येते चौकीवर, कमरेवर हात ठेवून. चौकीवाला विचारतो, आजी, हरवलात का? ती म्हणते, मी कशाला हरवू, मी इथेच आहे, हरवलेत ते बाकीचे, त्यांना पुकार. मग त्याचा शर्ट मळका म्हणून झापते, तुझी आई काय करते म्हणून विचारते, भोंगा हातात घेऊन स्वतःच नावं ठेवायला लागते. फार आगाऊ बाई. असली माणसं हा कुठून उचलतो कोण जाणे. लोक पोट धरून हसले. लीलाताई आणि गरिमा तर माझ्याकडे बघून हसत होत्या. माझा पदर सरकला होता की काय, बघितला, नीट होता.

शेवटी सगळे उभे राहिले. मला गुडघ्यामुळे उठायला वेळ लागला, पण उठले.

१० फेब्रुवारी

सकाळी त्याला चहा दिला आणि सांगून टाकलं. शरयू आंघोळीला गेली होती. म्हटलं, हेमू, मला राजीनामा म्हणजे समझौता वाटला होता. मालकाशी मिटलं असं वाटून मी बरं केलंस म्हणाले. तू इस्तीफा दिलायस हे कळलं असतं तर मी बोलून बोलून तुझे कान फाडले असते. खरं ते सांगितलं.

तो चहा पीत राहिला. मग म्हणाला, माहीत आहे.

काय माहीत आहे?

"आई, मी ग्वाल्हेरचाच आहे ना. तू वकील होता का म्हणून विचारलंस, तेव्हाच समजलं."

मी म्हटलं, मग तेव्हाच तोंड का नाही उघडलंस?

"घोड्याचे पाय झालो तेव्हापासून वाट बघत होतो, तू कधीतरी बरं केलंस म्हणशील. म्हणालीस. चुकून का होईना. ते मी परत करणार नव्हतो."

मी म्हटलं, चुकून निघालेला शब्द धरून कोणी नोकरी सोडतं का? तो म्हणाला, नोकरी आधीच सोडली होती, शब्द नंतर मिळाला. आता हवं तर विचार करून म्हण. मी म्हटलं, दुसऱ्या अंकात तुझा आवाज बसला होता, मिरे घालून काढा करते.

दुपारी देवासच्या मंडळाचा फोन आला त्याला, मग इंदोरचा, मग बडोद्याचा. शरयू डब्याच्या झाकणावर तारखा लिहीत होती, आणि गुणगुणत होती. तिला गुणगुणताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

११ फेब्रुवारी

दुपारी हेमूचा मोबाईल वाजत होता. शरयू आणि गरिमा गजक घ्यायला गेलेल्या. मीच उचलला. मुंबईहून अंबरीश नावाचा माणूस, मालकाकडचा. फार गोड बोलत होता. मला आई म्हणाला. म्हणाला, नव्या बाबांना लोकांनी घेतलं नाही, रोज शिव्या येतायत. ते चेहऱ्याचं आम्ही पुन्हा ऑपरेशन करून घेऊ, हेमेंद्रसरांना पाठवा, सुट्ट्यांचं बघू. तुम्ही सांगितलंत तर ते ऐकतील.

मीही हेच मागत होते महिनाभर. खुर्चीवर बसून घेतलं. आतल्या खोलीत हेमू गादीवर आडवा पडलेला, एक पाय दुसऱ्यावर, भोंगा उशाशी. अंगावर मांस नाही. देवासला बसनंच जाणार आहे. तिथे कुठे निजवतील देव जाणे.

अंबरीश म्हणाला, आई, ऐकताय ना?

मी म्हटलं, ऐकतेय. त्यानं राजीनामा दिलाय. मराठीतला. आणि बरं केलं त्यानं. मी विचार करून सांगतेय, चुकून नाही. तुम्ही त्या चपट्या नाकवाल्यालाच नीट खायला घाला.

फोन ठेवून वळले तर हेमू दारात उभा. केव्हा उठला, किती ऐकलं, काही कळायला मार्ग नाही. ह्याच्या तोंडावरून कधीच काही कळत नाही, तेच त्याचं काम.

म्हणाला, कोणाचा फोन?

म्हटलं, मुंबईचा. तुला पलंगावर निजवायला बोलावत होते. आमच्याकडे गादी आहे म्हणून सांगितलं. आता उठलायसच तर दळण घेऊन ये, देवासला जाताना पुऱ्या करून देते.

पिशवी घेऊन गेला. जिना उतरताना त्या आगाऊ म्हातारीच्या आवाजात काहीतरी बोलत होता. मला नीट ऐकू आलं नाही, पण खालच्या मजल्यावरची माणसं हसली.